फाइवाचं खोबरेल आणि शाळेचा कंप्युटर

...अगं थांब, वही मिटू नकोस, फाइवाचं राहिलंच की! माझा धाकटा भाऊ. आमच्या अख्ख्या नुकुफेताऊ बेटावर असा चुळबुळ्या माणूस नाही बघ. तरणा होता तेव्हा जहाजावर होता. खारं वारं लोखंड खातं म्हणून दिसेल त्याला तेल चोळायची सवय लागली, ती काही सुटली नाही. कोयता, गळ, बिजागऱ्या, सगळ्यांना खोबरेल. एकदा चर्चच्या घंटेची दोरी पण सोडली नाही, पाद्रीबाबा ओढायला गेले तर हात सटासट सटकतोय!

तर त्या दिवशी त्याच्या लेकाचं, लोतोआलाचं, जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं. संध्याकाळी निघणार, मग कित्येक महिने नुसतं पाणी. इकडे त्याला पोरगी झालेली, तिचं तोंड त्यानं पाहिलंच नव्हतं. आणि तोंड दिसायचं ते फक्त शाळेच्या कंप्युटरवर. मग काय, सून तान्हीला घेऊन, फाइवा नवी लुंगी नेसून, मी फुलांची माळ घेऊन, सगळी वरात शाळेत.

मेलालीनं, आपल्या मास्तरीणबाईनं, बटण दाबलं. पंखा फिरला, टीं टीं टीं वाजलं, पण पडदा काळाच.

"काल तर चालत होता," ती म्हणाली. "रॅमच्या पट्ट्या हलल्या असतील. त्या नीट बसल्याशिवाय हा जागाच होत नाही."

फाइवा खिडकीशी, मग दाराशी, परत खिडकीशी. "लवकर कर गं बाई, तिकडे जहाज सुटेल!"

"मामा, बसा तुम्ही आधी. तुमच्या येरझाऱ्यांनी मलाच गरगरतंय."

तिनं वायर काढली, डबा उघडला, दोन्ही पट्ट्या उपसल्या. बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली. "मामा... खोबरेल?"

हा भिंतीकडे बघतोय! "काल तू जेवायला गेलीस ना, तेव्हा... डबा उघडून बघितला, तर पट्टीची कडा कशी सोन्यासारखी होती गं. गंजली असती तर आज पोरगं दिसलं नसतं. म्हणून थोडंसंच लावलं."

"थोडंसं? ह्यात मासा तळून होईल," मी म्हटलं.

दवाखान्यातनं स्पिरिट आणायला मीच पळाले, ह्या गुडघ्यांनी. मेलालीनं फडकं भिजवून कडा पुसल्या, वाळू दिल्या. एकच पट्टी बसवली. टीं टीं टीं. ती काढून दुसरी बसवली. टीं टीं टीं. सून रडायला लागली, तिचं बघून तान्ही पण.

"खाचेतच तेल उतरलंय," मेलाली म्हणाली. शेजारी दोन खाचा रिकाम्या होत्या, त्यातल्या एकीत तिनं पट्टी दाबली. टक्क वाजलं. बटण दाबलं, आणि पडदा उजळला गं बाई!

लोतोआला ओरडतोय, "दाखवा लवकर, भोंगा झालाय!" सुनेनं पोरगी पुढं धरली. तो पडद्याला नाक लावून बघत राहिला. मग डोळे पुसून म्हणतो, "बाबा, तुमचे हात कुठं गेले?"

"बसलोय त्यांच्यावर," फाइवा म्हणाला. खरंच, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, जहाज सुटेपर्यंत.

आता तू शाळेत जाशील तेव्हा मेलालीला एवढं सांग: चांगली खाच आता एकच शिल्लक आहे, डब्याला कुलूप घाल म्हणावं. फाइवा सकाळपासून बाटली घेऊन तिकडेच घिरट्या घालतोय.