देवमन सरांचा आवाज बसला

दर्यापूरजवळच्या एका शाळेत देवमन सर आठवीला विज्ञान शिकवायचे. शिकवायचे म्हणजे बोलायचे. घंटा झाली की नळ सोडावा तसे सुरू, पुढची घंटा झाली की बंद. मागच्या बाकांवरची पोरं बिनघोर झोपायची. सरांना त्याचा राग नव्हता. गप्प वर्ग म्हणजे चांगला वर्ग, अशी त्यांची ठाम समजूत.

दिवाळीनंतर त्यांच्या घशात गाठ निघाली. अमरावतीच्या डॉक्टरांनी ती काढली आणि बजावलं, "महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही." सरांच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, डॉक्टरांना वाकून नमस्कार केला.

रजा शिल्लक नव्हती. मुके सर फळ्यावर धडा लिहू लागले, पोरांनी दंगा मांडला. वैतागून त्यांनी सगळं पुसलं आणि मनात आलं ते लिहिलं : 'लिंबू-मिरची टांगली की दुकान चालते. खरं की खोटं?' मग एकेकाकडे छडी रोखत गेले. ज्याच्याकडे छडी, त्याने बोलायचं.

कधी तोंड न उघडणारी अपेक्षाही सुटली नाही.

"खोटं हाय सर. आमच्या बाबाच्या दुकानात कवाची लटकून राह्यली. गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाते."

"नसती तं याच्याहून कमी आलं असतं!" अमोल ओरडला.

"मंग काढून पाहू," अपेक्षा म्हणाली.

अपेक्षाचे बाबा खुशालराव आधी भडकले. पण मास्तर हात जोडून उभे, तेही मुके. नाही कसं म्हणणार? लिंबू टांगलेलं असताना दोघं-तिघं पोरं गिऱ्हाईक मोजायला गेली. लिंबू काढलं तेव्हा उत्साहाने अख्खा वर्ग. गिऱ्हाईक वाढलं! वर्गात जल्लोष. तेवढ्यात अजहर उठला.

"आपन सारे तिथं गोळा झालो. लोकाले वाटलं, काही फुकट वाटून राह्यले. लिंबाचं काहीच सिद्ध नाई झालं."

"म्हंजे मी बरोबर?" अमोल.

"तू बी नाई."

खुशालराव म्हणाले, "पोराहो, रोजच येत जा ना मंग."

आवाज परत आला तसे सर जुन्या सवयीने सुरू झाले. "पाणी शंभर अंशाले उकळते..."

आरजूने हात वर केला. "सारीकडेच, सर?"

सरांच्या तोंडावर 'खाली बस' आलं होतं. पण छडी आठवली, अजहर आठवला. "मले मालूम नाई," ते म्हणाले. हे वाक्य त्या वर्गात पहिल्यांदाच ऐकू आलं.

शाळेची सहल उंच डोंगरावरच्या चिखलदऱ्याला गेली, तेव्हा आठवीने गॅसची शेगडी आणि थर्मामीटर सोबत घेतला. पाणी खळखळ उकळलं, पारा शंभराच्या खालीच थांबला. थर्मामीटर बिघडला, असं अमोल परतीच्या अख्ख्या वाटेत भांडत आला. दुसऱ्या दिवशी शाळेत तोच थर्मामीटर पुन्हा उकळत्या पाण्यात धरला. पारा पार शंभराजवळ गेला.

सरांनी घरी जाऊन दुर्गाबाईंना सगळं सांगितलं. "इतके वर्षं शिकवतो, पन डोयानं आजच पाह्यलं."

दुर्गाबाई भाकरी थापत म्हणाल्या, "मंग इतके वर्षं पोराईले काय सांगून राह्यले होते?"