जाऊबाई खुर्चीतून उठल्या नाहीत

आमच्या दोन बिऱ्हाडांच्या मध्ये एकच भिंत होती, आणि तीही एका विटेची. पलीकडे कुणी शिंकलं की अलीकडे आम्ही दचकायचो. त्यामुळे मी मुद्दाम कान लावून ऐकलं, असं कुणी म्हणू नये. कान जागच्या जागीच होते, भांडणच चालत आलं.

भांडत होते माझे थोरले दीर आणि जाऊबाई. मी तेव्हा घरात नवीन होते. अंगणात दोन्ही घरांना मिळून एकच नळ, आणि त्या नळावरच जाऊबाईंची लाँड्री चालायची. शेजारच्या सोडावाल्याला त्या नळातून एक पाइप हवा होता, आणि भावजी त्याला हो म्हणून बसले होते. भावजी माणूस सोन्यासारखा, पण नाही म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची.

"उन्हाळ्यात पाणी कमी झालं की बंद करणार आहे तो," भावजी सांगत होते. "शब्द दिलाय त्याने."

"बंद कोण करणार?"

"तोच."

"म्हणजे गरज त्याची, पाइप त्याचा, आणि बंदही तोच करणार." जाऊबाईंचा आवाज रागात चढत नसे, खाली जाई, आणि तोच जास्त झोंबे. "आणि पाणी काय तुमच्या एकट्याचं आहे? भिंतीपलीकडे धाकटी राहते. तिला विचारलंत?"

धाकटी म्हणजे मी. त्या घरात तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं, भाजीत मीठ किती घालू हेसुद्धा मीच विचारायचे. हातातलं फडकं तसंच धरून मी भिंतीशी उभी राहिले.

पाइप बसला. उन्हाळा आला, नळाची धार करंगळीएवढी झाली, आणि सोडावाल्याला अर्थातच काही आठवलं नाही. मग एका दुपारी जाऊबाईंनी पाना घेतला आणि पाइप उखडून त्याच्या दारात नेऊन टाकला. सोडावाला मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. जाऊबाईंचं त्यावाचून काही अडलं नाही. उलट म्हणायच्या, दुपारची झोप बरी लागते.

शहरात त्यांना सगळे इस्त्रीबाई म्हणायचे. भावजी लवकर गेले, एक मुलगा पदरात, आणि लाँड्रीचं ते दहा पावलांचं दुकान. दारातच लाकडी टेबल, त्यावर जळून तपकिरी झालेलं कांबळं, कोपऱ्यात खळीचं पातेलं. कापडावर बोटांनी पाणी शिंपडायच्या ते असं, की जणू कुणाच्या तोंडावर मारताहेत. आणि कुणाच्या, हे त्या दिवशीच्या रागावर ठरायचं. माणसाला तोंडावरून नाही, कॉलरवरून ओळखायच्या. आमच्या नगरपालिकेच्या अध्यक्षांबद्दल म्हणायच्या, "ह्याची कॉलर आतून आधी मळते. सारखा मान वळवून बघतो, मागे कोण आहे ते."

नगरपालिकेत पाणी समिती होती, आणि त्यात एक खुर्ची पाण्यावर पोट असलेल्यांची. त्या खुर्चीवर तो सोडावाला बसायचा. तो गेला तेव्हा अध्यक्षांनी ती जाऊबाईंना दिली. बाई आहे, चार बुकं शिकलेली नाही, गप्प बसेल, असा हिशेब. त्यातलं बसेल तेवढं खरं ठरलं.

सरकारची एक मोठी योजना आली होती. शहराच्या वरच्या अंगाला नदीला बांध घालायचा आणि डोंगराच्या पोटातून बोगद्याने पाणी लांबच्या मोठ्या शहरांकडे न्यायचं. कायद्याने आमच्या पाणी समितीची संमती लागायची. एकाने जरी विरोध नोंदवला, तरी सरकारला त्याचं लेखी उत्तर दिल्याशिवाय खणता येत नव्हतं.

संमतीच्या बदल्यात शहराला नवा दवाखाना मिळणार होता आणि पोरांना कामं. जाऊबाईंचा मुलगा तर आधीच योजनेच्या गोदामात हंगामी लागला होता. संमती झाली की कायम करू, असं त्याला सांगितलेलं. आता सांगा, कोण नाही म्हणेल?

जाऊबाईसुद्धा नाही म्हणत नव्हत्या, हे कुणी ध्यानातच घेतलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की जुन्या पुलाच्या खांबावर जी पांढरी रेघ आहे, तिच्याखाली पाणी गेलं की बोगद्याचा दरवाजा बंद झाला पाहिजे. आणि तो बंद करायला लावायचा हक्क आपल्या समितीचा, असं लिहून द्या.

सरकारचे मोठे साहेब आले होते. गोरेगोमटे, बोलायला गोड. म्हणाले, "पाणी कमी झालं तर आम्ही दरवाजा बंद करूच ना, बाई."

"मग लिहायला हात दुखतो का?" जाऊबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून शहर फिरलं. आधी लग्नकार्याचे कपडे बंद झाले, मग रोजचे. कुणीतरी वाळत घातलेल्या चादरींवर चिखल फेकला. जाऊबाईंनी त्या परत धुतल्या आणि परत तिथेच वाळत घातल्या. दवाखान्याची आस लावून बसलेल्या बायका दारावरून जाताना मोठ्याने बोलायच्या, की काही जणींना दुसऱ्यांची पोरं मेली तरी चालतात. ते मलाही लागायचं. सगळ्याच काही वाईट नव्हत्या त्या, एकीचं मूल खरंच गेलं होतं. जाऊबाई तिला तेवढं कधी उलटून बोलल्या नाहीत.

घरात मुलगा बोलायचा. भिंत तीच, एका विटेची. "तुला माझं बरं बघवत नाही," म्हणायचा. जाऊबाईंचा आवाज मला ऐकू यायचा नाही, म्हणजे किती खाली गेला असेल बघा.

मग ठरावाचा दिवस आला. आमच्याकडे हात वर करायची पद्धत नाही. कुणी पाडली कोण जाणे, पण कबूल असेल त्याने खुर्चीतून उठायचं, नसेल त्याने बसून राहायचं. अध्यक्ष "नोंद करा" म्हणेपर्यंत उठलेल्याने उभंच राहायचं. मध्येच बसला तर त्याचाही विरोध धरायचा. ठराव एरवी चहा निवायच्या आत उरकायचे, त्यामुळे ह्या पद्धतीचा कुणाला कधी त्रास झाला नव्हता.

मी डबा घेऊन मागच्या बाकावर बसले होते. लांब टेबल, फाटक्या रेक्झिनच्या खुर्च्या, डोक्यावर पंखा कुरकुरत होता. साहेबांनी भाषण केलं, अध्यक्षांनी ठराव वाचला, आणि सगळे उठले. जाऊबाई बसून राहिल्या.

अध्यक्षांनी "नोंद करा" म्हणायला हवं होतं. ते म्हणालेच नाहीत. हसून म्हणाले, "घाई नाही. बाईंना विचार करू द्या." त्यांचा डाव सरळ होता. बाई म्हातारी, कधीतरी पाण्याला, नाहीतर बाहेर जायला उठेलच. उठली की कबूल.

जाऊबाईंनी समोरचा पाण्याचा पेला हाताने लांब सारला.

सगळे पुरुष टेबलाभोवती उभे आणि मध्ये एकटी त्या बसलेल्या. दुपार झाली. आधी टोमणे आले. एक म्हणाला, बाईंच्या पायाला खळ लागलीय. दुसऱ्याने भावजींचं नाव काढलं, की बिचारा उगाच नाही लवकर सुटला. मग विनवण्या, मग शिव्या. त्या अंगावर घेत होत्या आणि मधूनमधून समोरच्याच्या कॉलरकडे बघत होत्या. मी डबा उघडला नाही.

ऊन उतरायला लागलं तसं अध्यक्षांनी जाऊबाईंच्या मुलाला बोलावून घेतलं. तो दारातून आत आला. अंगात गोदामाचा खाकी शर्ट, सकाळीच जाऊबाईंनी इस्त्री केलेला. खुर्चीशी वाकला.

"आई, ऊठ. माझ्यासाठी ऊठ."

जाऊबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आले. मला वाटलं, उठल्या. अध्यक्षांनाही वाटलं असणार, ते पुढे झुकले.

"तुझ्यासाठी जन्मभर उठत आले," त्या म्हणाल्या. "तापात उठले, उपाशी उठले. आज तू त्यांच्यासाठी आलायस. घरी जा."

"मग मला आई नाही," तो म्हणाला, आणि गेला. जाताना मला ओलांडून गेला, काकू म्हणून बघितलंसुद्धा नाही.

दांड्यांवरचे हात तसेच राहिले.

त्यानंतर कुणी टोमणा मारला नाही. अध्यक्ष मात्र हटेनात. शेवटी दिवे लावायची वेळ झाली, तेव्हा म्हातारे दोरीवाले, समितीतले सगळ्यांत जुने, एकाएकी कळवळले आणि मटकन खुर्चीत बसले. गुडघा. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन विरोध झाले. "अहो उठा, उठा," ते म्हणाले. दोरीवाले म्हणाले, "उठवत असतं तर बसलो कशाला असतो?" आणि दुसऱ्या टोकाला आणखी एकजण खुर्चीची पाठ चाचपडायला लागला, तो गुडघ्यापायी की आणखी कशापायी, देव जाणे. अध्यक्षांनी ते बघितलं आणि घाईने म्हणाले, "नोंद करा. विरोध नोंद करा."

दोरीवाले पुढे मरेपर्यंत सांगत राहिले, की तो विरोध गुडघ्याचा होता, माझा नव्हता.

सरकारला उत्तर द्यावं लागलं. त्यात बराच काळ गेला, पण शेवटी रेघेची अट लिहून आली, समितीच्या हक्कासकट. मग बोगदा झाला. दवाखानाही झाला, उशिरा. पण मध्ये काम थांबलं होतं, तेव्हा कंत्राटदाराने हंगामी माणसं काढली, आणि पुन्हा घेतली ती बाहेरची. मुलगा पुलापलीकडे भाड्याने राहायला गेला आणि पेंडीच्या वखारीत लागला. पुढे एका उन्हाळ्यात पाणी रेघेखाली गेलं, समितीने सांगितलं आणि दरवाजा बंद झाला. पुलावर उभं राहून फोटो काढून घेतला तो अध्यक्षांनी. इस्त्रीबाईंना कुणी बरं म्हणायला आलं नाही. गिऱ्हाईक हळूहळू परतलं, तेही कपडे टेबलावर टाकून तोंड फिरवून.

मुलाने त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. पण त्याच्या मळक्या शर्टांचं गाठोडं दर आठवड्याला त्याच्या फाटकाच्या आकड्याला अडकवलेलं असायचं. दुसरी लाँड्री होती की वाटेत. राग आईवर होता, कॉलरवर नव्हता. जाऊबाई इस्त्रीचे शर्ट आकड्याला लावायच्या, मळके घेऊन यायच्या. फाटक कधी उघडलं नाही, आणि त्यांनी कधी वाजवलं नाही. मी एकदा म्हटलं, जाऊबाई, एकदा हाक तर मारा. म्हणाल्या, "धाकटे, त्याचा विरोध नोंद झालाय. मला उत्तर द्यायचंय अजून. सुचलं की देईन."

शेवटच्या वेळी गेल्या तेव्हा मी बरोबर होते, कारण त्यांना गाठोडं पेलवत नव्हतं आणि माझ्या हातात द्यायचंही नव्हतं. त्याच रात्री त्या झोपेत जाणार आहेत, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. पुलावर नेहमीसारख्या थांबल्या, कठड्यावरून वाकल्या, खांबावरच्या रेघेकडे बघितलं. "वर आहे," एवढंच म्हणाल्या.

फाटकाशी पोचल्यावर त्यांनी शर्ट एकेक करून आकड्याला लावले. वरच्या शर्टाची कॉलर बोटांनी सरळ केली. खिडकीचा पडदा हलला, आत कुणीतरी उभं होतं. जाऊबाईंनी तिकडे बघितलं नाही.

"चौकडीच्या शर्टाचं बटण सैल होतं, घट्ट केलंय," त्या नेहमीच्या आवाजात फाटकाला म्हणाल्या, आणि मळक्या कपड्यांचं गाठोडं उचलून काखेत मारलं.