डाग समजून पुसलेली शलाका

“काका, मी कुठंय?”

शलाका माझ्या टेबलापाशी उभी राहून विचारत होती. समोर तिचाच तीन फूट बाय चार फुटांचा प्रिंट पसरलेला होता. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि संध्याकाळी सहाला तिच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं.

मी प्रिंटकडे पाहिलं. वेताची खुर्ची, टेबल, खिडकी. सगळं कसं स्वच्छ.

“तुम्ही यात होतात?” मी विचारलं.

“अहो काका, सेल्फ-पोर्ट्रेट आहे ते!”

माझी पुण्यात शनिवार पेठेत फोटो प्रिंटिंगची लॅब आहे. तीस वर्षं हेच काम करतोय. पूर्वी लग्नं आणि बारशी असायची, आता प्रदर्शनांची कामंही येतात. शलाका मूळची यवतमाळची. हडपसरच्या पलीकडे मांजरी गावात फ्लॅटवर राहून आयटीत नोकरी करायची आणि स्वतःचे फोटो काढायची. पण मोबाइलने नाही, डब्याने. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला सुईने बारीक भोक पाडायचं, आत फोटोचा कागद लावायचा आणि भोक उघडं ठेवून द्यायचं. याला पिनहोल कॅमेरा म्हणतात. यात भिंग नाही, बटणही नाही. उजेड इतका हळू आत जातो की एका फोटोला आख्खा दिवस लागतो. त्यामुळे जे स्थिर असतं तेच उमटतं. हलणारा माणूस उमटतच नाही.

असे बारा कागद तिने आणून दिले होते. ते मी स्कॅन केले, म्हणजे कॉम्प्युटरवर घेतले, आणि कागद तिला परत दिले. मग स्पॉटिंगला बसलो. स्पॉटिंग म्हणजे फोटोवरची धूळ, ओरखडे, बुरशी पुसणं. या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. सातव्या फोटोत खुर्चीवर एक मोठा पांढुरका डाग होता. मला वाटलं, कागदाला ओल लागली. तो काढायला मला अर्धा दिवस लागला. मागची वेताची वीण एकेक चौकट जुळवून मी पुन्हा विणली. वर ते मूळ फाइलवरच सेव्ह केलं, म्हणजे आधीचा स्कॅनही गेला. दुसऱ्या कोणी असं केलं असतं, तर मी त्याला घरी पाठवला असता.

“तो पांढरा डाग…” मी चाचरत म्हणालो.

“ती मी होते,” शलाका म्हणाली आणि स्टुलावर बसली.

मी पाणी दिलं. ते तिने प्यायलं नाही.

“मूळ कागद कुठे आहे?”

“मांजरीला. कपाटात.”

“मग घेऊन या. तोवर मी मशिन तयार ठेवतो. होईल.”

होईल की नाही हे मला माहीत नव्हतं. पण गिऱ्हाइकासमोर लॅबवाल्याने आणि डॉक्टरने चेहरा पाडायचा नसतो. ती स्कूटरवरून गेली.

ती जाते न जाते तोच प्रदर्शन मांडणाऱ्या मेघना मॅडमचा फोन आला. प्रिंटचा फोटो मी त्यांना आदल्या दिवशीच पाठवला होता.

“सात नंबर काय जबरदस्त झालाय! रिकामी खुर्ची! स्वतःच्या पोर्ट्रेटमधून स्वतःलाच वजा केलंय. फार पॉवरफुल.”

“मॅडम, ते वजा मी केलंय.”

“म्हणजे?”

मी सांगितलं.

“तरी असंच राहू द्या,” त्या म्हणाल्या. “हे जास्त चांगलं आहे.”

खरं सांगतो, मला बरं वाटलं. चूक माझी आणि कौतुक कलेचं. पुन्हा प्रिंट काढायला नको, धावपळ नको. शलाका परत आली तेव्हा एक वाजत आला होता. हडपसरच्या ट्रॅफिकने तिचा चेहरा धुळीने माखला होता. मी मॅडमचा निरोप दिला.

“मग खाली नावही खुर्चीचंच लिहा,” ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, काका?”

“माझं काय विचारता? मला तर तुम्ही डाग वाटला होतात.”

ती पहिल्यांदा हसली. मग तिने पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

“त्या दिवशी डबा आठ तास उघडा होता. मी कॉल घेतले, चहा केला, फेऱ्या मारल्या. त्यातलं काहीच आलं नाही. दुपारी एचआरचा फोन आला, नोकरी गेली म्हणून. मग मी येऊन खुर्चीत बसले. चाळीसएक मिनिटं हललेच नाही. फोटो चालू आहे हेही विसरले होते. तेवढीच आलेय मी.”

मी कागद स्कॅनरवर ठेवला.

या वेळी मी फक्त धूळ पुसली, तीही प्रत्येक ठिपक्याला “हा तुमचा का?” असं विचारून. पाच वेळा ती “नाही” म्हणाली. सहाव्यांदा म्हणाली, “काका, पुरे.” साडेतीनला प्रिंट निघाला. शाई वाळायला वेळ हवा, म्हणून फ्रेम झालीच नाही. तसाच प्रदर्शनाच्या हॉलमध्ये नेऊन चिमट्यांना लावून टांगला. मेघना मॅडम त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग “ठीक आहे, हा राहू दे,” एवढंच म्हणाल्या.

साडेसहाला एक आजोबा आले, हातात छत्री. बाराही फोटो त्यांनी एकेक करून तपासले. सातव्यापाशी थांबून त्यांनी जवळच उभ्या असलेल्या आम्हा दोघांना छत्रीचं टोक दाखवलं.

“लॅबवाला कोण आहे? खुर्चीवर केवढा डाग ठेवलाय. हल्ली कामात लक्षच नसतं लोकांचं.”

मी छताकडे पाहिलं. शलाका पुढे झाली.

“आजोबा, तो डाग नाही. ती मी आहे.”

आजोबांनी चष्मा वर केला. फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

“असं होय,” ते म्हणाले. “मग जरा सरळ बसायचं होतं.”

शलाका इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. पुढे तिला दुसरी नोकरी मिळाली. डबे चालूच आहेत आणि प्रिंट माझ्याकडेच येतात.

मी मात्र आता विचारल्याशिवाय कुठलाही डाग पुसत नाही. परवा एका लग्नाच्या फोटोत नवरीच्या मागे काहीतरी धूसर दिसत होतं. मी तिला फोन केला.

“तो डाग नाही, माझा दीर आहे,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “पण पुसलात तरी चालेल.”