न बोलणाऱ्या गाडीची पूजा

मुंबईच्या विमानतळावर गार्ड शिट्ट्या फुंकून फुंकून दमला, तरी बाबा जीपचं बॉनेट उघडून आत कान लावून उभे! मी लग्नानंतर पहिल्यांदा बहरीनला निघालेले, डोळ्यांत पाणी, आणि हे गृहस्थ इंजिन ऐकतायत. गुहागरला त्यांनी जन्मभर टेम्पो चालवला, मलाही शिकवला. निरोपही तसाच दिला, "इंजिन बोलतं गो. आधी ऐकायचं, मग पाय उचलायचा."

इथे बहरीनच्या रिफा शहरात गाडीशिवाय पान हलत नाही. आमची पहिली गाडी सेकंडहँड, छोटी जपानी, काचा हाताने फिरवायच्या. काय तो खडखडाट! माझे यजमान एसीचे टेक्निशियन. हे कामावरून आले की मला वरच्या मजल्यावर कळायचं आणि मी तवा ठेवायचे. दुसरी घेतली ती त्याच मॉडेलची, पण नव्या बनावटीची. आवाज निम्म्यावर आला, काचा बटणावर गेल्या. यंदाची तिसरी हायब्रिड. नाव तेच, बाकी काही म्हणजे काही ओळखीचं नाही. निघताना ती बॅटरीवर चालते, इंजिन जागंच होत नाही. शोरूमवाल्याने हे सांगितलं, आम्ही माना डोलावल्या.

पूजा मात्र आपल्या रीतीने. हळदकुंकू, नारळ, चाकांखाली लिंबं. बाबा व्हिडिओ कॉलवर, आमची लेक स्वरा फोन धरून उभी. मी बटण दाबलं, सवयीने गिअर टाकला आणि आवाजाची वाट बघत बसले. काहीच नाही.

"सुरू कुठे झाली? बंदच आहे ती," बाबा म्हणाले. "जावईबापू, डावीकडचं लिंबू घरंगळलं बघा."

हे वाकले. मी म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून करू, आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

गाडी सरकली. "ममा, स्टॉप!" स्वरा किंचाळली. मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले, पण ह्यांची बोटं टायरखाली. ओरडलेही नाहीत. नुसतं म्हणाले, "मागे घे."

अगं बाई, मागे कशी घेऊ? चुकून पुढे गेली तर हातच जायचा. हात गेला की काम गेलं, काम गेलं की व्हिसा खलास. मी गिअर ओढला. आत टीं टीं वाजत होतं, ते कशाचं ते कळेना. फोनमधून बाबा ओरडत होते, "काय झालं गो? कोणी सांगा रे!"

"स्वरा, समोर गिअरचं कुठलं अक्षर आहे?"

तिने खिडकीतून डोकं आत घातलं. "आर! इट्स आर! ममा, गो!"

मी पाय उचलला.

दोन बोटांच्या हाडांना बारीक तडा गेला, नखं काळीनिळी झाली, पण हात वाचला. सुपरवायझर भला माणूस, प्लास्टर निघेपर्यंत त्याने हलकं काम दिलं.

बाबा मात्र फोनवर येईनात. "जेवतात, बसतात, बोलत नाहीत," आई सांगायची. मग एक दिवस त्यांनीच फोन केला. "माझा कान तिथे कामाचा नाही गो आता. पुढे मला काही विचारत जाऊ नकोस. तुमचं तुम्ही बघा."

तुम्ही गावाकडचे मला विचारता ना, एवढी वर्षं झाली, आता तुझं घर कुठलं? बाबांचं ते बोलणं ऐकून माझ्या पोटात जे तुटलं, ते माझं घर. ह्यांच्या बोटांवर टायर होता तेव्हा मी रडले नव्हते. आता हमसून हमसून रडले.

"विचारणार," मी म्हटलं. "हजारदा विचारणार, बाबा. फक्त पाय ब्रेकवर ठेवून विचारीन."