वन्सं बंदिश बांधायच्या तेव्हा

लग्न होऊन मी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात आले, तेव्हा सासरी गाणारं माणूस एकच होतं, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणायचे. घर मिठागरात राबणाऱ्यांचं. त्या घरातली बाई ख्याल गाते याचं गावाला नवल होतं, आणि मला तर त्यांचा धाकच वाटायचा. पेणला एका गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर त्यांच्या गुरुजींचा क्लास होता. शाळेत असताना वन्सं एका मैत्रिणीसोबत सहज तिथे गेल्या. मैत्रीण चार दिवसांत कंटाळली, वन्सं राहिल्या त्या राहिल्याच. लग्न केलं नाही. "तानपुऱ्यासकट नेणारा कुणी आला नाय," एवढंच सांगायच्या, तेही हसत.

मीही थोडं शिकले होते. शाळेत प्रार्थना सांगावी, हळदीकुंकवाला एखादं पद म्हणावं, इतपत माझा गळा. वन्संचा आवाज म्हणजे वेगळीच गोष्ट होती. पहाटे त्यांनी खालचा सा लावला की पडवीत बोलणारी माणसं आपोआप गप्प व्हायची. रेडिओवर त्यांचं गाणं झालं होतं, मुंबई-पुण्याकडून बोलावणी यायला लागली होती. आता हिचं नाव होणार, असं सगळे म्हणत होते. तेवढ्यात त्यांच्या गळ्याला गाठ आली.

मुंबईला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. पण आवाजाची नस त्या गाठीला इतकी चिकटलेली होती की ती दुखावल्याशिवाय गाठ निघणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. नंतर तपासून ते म्हणाले, "बोलता येईल. गाण्याचं मात्र आता मनातून काढा." वन्संनी नुसती मान हलवली. जणू बाजारातून काय आणायचं ते कुणी सांगत होतं.

तोवर माझ्या नवऱ्याला धाटावच्या कंपनीत नोकरी लागून आम्ही रोह्याला राहत होतो, मी तिथल्या शाळेत शिकवत होते. नवरा म्हणाला, "ताय, चल आमच्याकडे." त्या आल्या. गोधडीत गुंडाळलेला तानपुरा सोबत आणला आणि तो तसाच गुंडाळलेला कोपऱ्यात उभा राहिला. बोलल्या तर फाटक्या भात्यातून हवा जावी तसा आवाज यायचा. म्हणून बोलायच्याच नाहीत. संध्याकाळी कुंडलिका नदीच्या काठावर जाऊन बसायच्या आणि दिवे लागायच्या आत परत यायच्या.

असे किती महिने गेले कुणास ठाऊक. एका रविवारी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. मी नकळत माहेरी क्लासात शिकलेली भीमपलासीतली एक जुनी बंदिश गुणगुणत होते. वन्संनी हात वर केला. बोटांना वालाची सालं चिकटलेली.

"थांब गो."

"चुकलं का?"

"नाय. दुसरं म्हण. मी सांगते तसं."

कुजबुजत त्यांनी स्वर सांगायला सुरुवात केली. "नि सा, ग म. मध्यमावर बस. अजून बस. आता पंचमाकडे नीघ, पण पोचू नको."

"पोचू नको म्हणजे?"

त्यांनी हात हवेत हळूहळू वर नेला आणि जिथे थांबेल असं वाटत होतं त्याच्या जरा अलीकडेच थांबवला. मी गायले. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा गायले. पुन्हा नाही. वालाचं पातेलं बाजूला सरलं. कितव्या तरी खेपेला माझा आवाज त्यांच्या हाताच्या मागोमाग गेला आणि त्यांनी डोळे मिटले. मग गुडघ्यावर तीनताल धरून शब्द सांगितले, "वाट बुडाली गो, भरती आली."

"सम कुठे?" मी विचारलं.

"'बुडाली'तल्या 'डा'वर."

तो 'डा' वरच्या स्वरांवरून उतरत, घाटाच्या उतारावर एसटी भरधाव सुटावी तसा, समेवर आला. मी थांबले. म्हटलं, "वन्सं, ही कुणाची बंदिश?"

"कुणाची नाय. आत्ता झाली."

बंदिशी म्हणजे डोंगर-नद्यांसारख्या आधीपासूनच असतात, आपण फक्त शिकायच्या, असंच मी समजत आले होते. कुणीतरी त्या बांधलेल्या असतात हे माहीत होतं, पण कळलं नव्हतं. जगात कुणीच न गायलेली गोष्ट माझ्या स्वयंपाकघरात, वालाच्या सालांमध्ये जन्मली होती आणि ती माझ्या तोंडून आली होती. वन्संनी पातेलं पुढे ओढलं आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या.

त्या दिवसापासून शाळा सुटली की आमचं काम सुरू व्हायचं. एकदा मी म्हटलं, "माझ्यासारखीला कशाला सांगता, एखाद्या चांगल्या गाणारीला बोलवा." तर म्हणाल्या, "ती आपलं काहीतरी घालंल. तुझ्या गळ्यात तुझं काय नाय, म्हणून बरं." माझा नवरा जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसला. मला मात्र तो मोठा मान वाटला.

एखाद्या ओळीपाशी त्या आठवडेच्या आठवडे अडून बसायच्या. मला जी चाल सुंदर वाटायची तीच "ही मेलेली हाय" म्हणून टाकून द्यायच्या. एकदा झपतालातली एक रचना काही केल्या माझ्या अंगात उतरेना. त्यांनी पाण्याने भरलेला टोप माझ्या डोक्यावर ठेवला आणि मला पडवीत चालायला लावलं. "मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बाई कशी चालते? दोन पावलं टाकते, तोल बघते, मग तीन टाकते. चाल. आता गा." मी चालत चालत गायले आणि ताल आपोआप पायांत आला. पाणी माझ्या खांद्यावर सांडत होतं. शेजारीण कुंपणापलीकडून बघत राहिली होती. वन्संनी आपल्या आई-आजीच्या चालण्यातून लय उचलली होती, आणि मी इतकी वर्षं त्याच बायका बांधावरून जाताना बघून काहीच ऐकलं नव्हतं.

हे सगळं पेणच्या गुरुजींच्या कानावर गेलं. एक दिवस ते स्वतः आले. वडखळच्या नाक्यावर गाडी अडकल्याने दुपार उलटून गेली होती. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सरळच विचारलं, "बंदिशीत 'गो' घातलंस म्हणे. ब्रजभाषेत शब्द मिळाले नाहीत?"

वन्सं खाली बघत म्हणाल्या, "ब्रजमध्ये मला भरती दिसत नाय, गुरुजी."

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "गा."

मी गायले. ते डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा गायले. मग ते उठले, कोपऱ्यातल्या तानपुऱ्यावरची गोधडी स्वतःच्या हाताने सोडली, तारा जुळवल्या आणि तानपुरा वन्संच्या हाती दिला. आपण त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"आता मला शिकव," ते म्हणाले. "वरून समेवर येताना धैवतावर थांबायचं की नुसतं शिवायचं?"

"नुसतं शिवायचं," वन्संचा आवाज जेमतेम ऐकू आला.

गुरुजी गायले. ती बंदिश मी रोज गात होते, पण ती केवढी आहे हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या तोंडी तिचा नुसता सांगाडा होता. त्यांनी तिला हळूहळू भरत नेलं, आणि 'वाट बुडाली' म्हणताना माझ्या घराच्या भिंती मागे सरकल्यासारख्या झाल्या. वन्सं तानपुरा छेडत होत्या. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, पण त्यांनी ते पुसायला हात थांबवला नाही.

गुरुजींनी ती आपल्या शिष्यांना दिली, शिष्यांनी पुढे नेली. मोठ्या गायिका रोह्याला येऊन आमच्या सतरंजीवर बसायला लागल्या. मग मुंबईच्या एका संगीत मंडळाने वन्संना नवीन, मोठी रचना करायला सांगितलं. वन्संनी अट घातली की ती आमच्या आळीतल्या भजनी मंडळाच्या बायका गातील आणि पहिल्यांदा पेणला होईल.

बायकांचे चार गट केले. ओळ एकच, पण प्रत्येक गटाने ती आधीच्या गटाच्या मागाहून, वेगळ्या स्वरावर धरायची. "खाडीत पाणी एकदम शिरत नाय," वन्सं सांगायच्या, "आधी मोठ्या धारेत येतं, मग एकेका फाट्यात." बायका वैतागल्या. एक म्हणाली, "सगळ्यांनी एकसारखं म्हणायचं हे शिकण्यात आमचा जन्म गेला, आणि तुम्ही सांगताय वेगवेगळं म्हणा." तरी त्या आल्या. कुणाच्या नवऱ्याची सेकंड शिफ्ट, कुणाचं तान्हं बाळ, त्यातून वेळ काढून येत राहिल्या.

पेणच्या सभागृहात सकाळी कार्यक्रम झाला. पुढच्या रांगांत वन्संच्या गावच्या, मिठागरातल्या बायका बसल्या होत्या. वन्संनी नुसत्या हाताने सगळं चालवलं. चौथा गट मिसळला तेव्हा आवाज कुठून येतोय ते कळेनासं झालं, तो जमिनीतूनच वर चढत होता. मी त्या गर्दीत गात होते, आणि तरीही माझाच आवाज मला वेगळा ऐकू येईना. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने पायाशी पाणी आल्यासारखा नकळत लुगड्याचा काठ घोट्यावर उचलून धरला.

पुढे वन्संना पुरस्कार मिळाले, त्यांच्या रचना शिकायला लांबलांबून मुली आल्या. आवाज काही परत आला नाही, आणि त्याबद्दल त्या कधी बोललेल्याही मला आठवत नाही. त्या सत्कारांना मी हजर होते. पण मला आठवतो तो त्या दुपारचा पेणहून परतीचा टेम्पो. बायका मोकळ्या झाल्या होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या ओळी चुकीच्या जागी घुसवत होत्या. वन्सं पुढे चालकाशेजारी बसल्या होत्या. एकाएकी त्यांनी मागे वळून हात वर केला. सगळ्या गप्प झाल्या, आता ओरडा बसणार म्हणून.

"आत्ता जे चुकलं ना," वन्सं म्हणाल्या, "ते परत म्हणा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि बिचकत पुन्हा सुरुवात केली. वन्संचा हात खिडकीच्या कडेवर ताल धरायला लागला.