दोन बोल्टांशिवाय न उतरणारा फिटर

वहिनींनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अजून कुणाच्याच वहिनी नव्हत्या, साइटवरचं स्टोअर सांभाळत होत्या. तो बल्ब बदलायला आलेला. स्टूल गुडघ्याएवढं, पण गड्याने कमरेला पट्टा आवळून हूक खिडकीच्या गजात अडकवलेला.

"पडलात तर माझ्या खुर्चीत पडाल," त्या म्हणाल्या.

"आणि खुर्ची मोडली म्हणजे?"

असा माणूस जन्माला पुरेल, असं म्हणत त्यांनी त्याच्याशी लग्न केलं.

तो उंचावर लोखंडी बीम जोडणारा फिटर. एकदा वहिनी दाढ काढायला गेल्या होत्या, आणि इकडे साइटवर भलतंच घडलं. बीम दोन्ही टोकांना एकेका बोल्टावर खांबांना टेकला होता आणि क्रेनच्या दोरावर तोललेला होता. नव्या साहेबांना क्रेन दुसरीकडे पाठवायची घाई. दोर सोड, बाकीचे बोल्ट उद्या लाव, म्हणाले. फिटर म्हणाला, एका बोल्टावर बीम गिरकी घेतो. टोकाला दोन-दोन आवळल्याशिवाय दोर सुटणार नाही. मग पट्ट्याचा हूक खांबाला अडकवून तो वरच ठाण मांडून बसला. संध्याकाळपर्यंत ऐकलं नाहीस तर उद्यापासून घरी बस, असं साहेबांनी खालून सुनावलं.

शेवटी समजूत घालायला वहिनींना गाडी पाठवून आणवलं. त्यांच्या तोंडात कापसाचा बोळा, गाल टम्म फुगलेला.

"समजवा हो याला," साहेब काकुळतीला आले.

वहिनी "म्मं" म्हणाल्या.

वरून आवाज आला, "अगं, आधी हेल्मेट घाल. आणि बीमखालून बाजूला हो."

साहेबही बीमखालीच उभे होते. तेही मुकाट्याने सरकले.

वहिनी हेल्मेट आणायला गेल्या, त्यांनी कमरेची किल्ली काढून स्टोअर उघडलं. दाराशीच बोल्टांची पेटी. फिटरला वाटत होतं साहेब बोल्ट देत नाहीत, साहेबांना वाटत होतं बोल्ट संपलेत, आणि स्टोअरला कुलूप लावून वहिनी डॉक्टरकडे. दोघंही दिवसभर एकमेकांवर तोंडसुख घेत बसले होते.

बोल्ट बादलीतून दोरीने वर गेले.

"म्हणजे हे इथंच होते?" साहेबांनी विचारलं.

वहिनींनी बोळा काढला. "मला विचारलंत का कुणी?"

बोल्ट आवळले, दोर सुटला, क्रेन गेली. फिटर खाली उतरून साहेबांसमोर उभा राहिला आणि त्याने उद्याचं काय, म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, वेळेवर ये.

तो अजून त्याच कंपनीत आहे. सध्या एका शाळेच्या छपराचे बीम चढवतो आहे.