एक घर खाली सरकलेले दात

चार दिवस झाले, धुकं हलायचं नाव घेत नव्हतं. दातांच्या कारखान्यात फळीवर मांडलेले प्लास्टरचे जबडे वाळता वाळेनात. बोट लावावं तर ओलं, थंडगार. बाकांवरच्या बायकांनी जबड्यांपुढे पंखा लावला होता आणि स्वतः मात्र स्वेटर घालून कुडकुडत, डॉक्टरांनी मागवलेल्या दाताच्या टोप्या कोरत बसल्या होत्या.

अशा हवेत चाळणीबाई आल्या. पिशवी कोपऱ्यात ठेवली, दोन पावलं गेल्या, परत फिरल्या आणि बसल्या जागेवरून दिसेल अशी सरकवून ठेवली. बाकावरची एक दुसरीला म्हणाली, "आपण प्लास्टर खातो, बाईंची पिशवी नाही खात." बाईंनी ऐकलं आणि पिशवी तिथेच ठेवली.

चाळणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लाकडाच्या वखारी, छापखाने, दवाखाने, हा दातांचा कारखाना, अशा ठिकाणी लागणारे छोटे छोटे प्रोग्राम त्या लिहून देत, आणि बिघडले की येऊन दुरुस्त करत. गिऱ्हाईक छातीवर हात ठेवून सांगायचं, "बाई, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." बाई म्हणायच्या, "आपोआप काही होत नसतं. कुणाचं तरी बोट लागतं." मग त्या एकेक गोष्ट चाळायला बसत. एका छापखानेवाल्याने, प्रोग्रामने अख्खा रकाना गिळला म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. बाईंनी जाऊन बघितलं, तर पठ्ठ्याने तो रकाना ओढून ओढून दोऱ्याएवढा बारीक केलेला. वखारीतला कारकून म्हणाला, तारखा भुताने बदलल्या. भूत कसलं! नव्या मशीनवर महिना आधी आणि दिवस नंतर अशी मांडणी होती. अकरा वर्षं हेच बघून बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं की माणूस सांगतो ते ऐकून घ्यायचं, मानायचं नाही.

घरीही तीच तऱ्हा. थोरल्या बहिणीबरोबर राहायच्या. कुलूप तीनदा ओढून बघायच्या, वाण्याच्या पुडीवरचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुन्हा करायच्या. बहीण आल्यागेल्याला सांगायची, "हिचं लग्न जमलं नाही असं नाही. हिची चौकशीच संपली नाही. तेवढ्यात त्या मुलाला दोन पोरं झाली."

आज कारखान्याच्या मालकिणीने बोलावलं होतं. सगळे तिला वहिनी म्हणत. वहिनींनी बाईंना आतल्या खोलीत घेतलं, दार लावलं, लावलेलं दार पुन्हा ढकलून बघितलं. बाईंना ते आवडलं.

"कुठेतरी पाणी मुरतंय, बाई," वहिनी म्हणाल्या आणि टेबलावर एकोणीस पुड्या ओतल्या. प्रत्येक पुडीत एक परत आलेला दात. "वर्षाला दोन-तीन येतात परत, मान्य. पण सहा आठवड्यांत एकोणीस? माप बरोबर, बसतो बरोबर, रंग चुकलेला. हा बघा, बस कंडक्टरचा. समोरचा एकटाच दात पिवळा. लोक म्हणे तिकीट घ्यायचं सोडून त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. आणि हे आजोबा. सगळे दात चहात बुडवल्यासारखे आणि मधे एक दुधासारखा. नातवंडं दिवा म्हणतात त्याला."

"छटा कोण भरतं?"

वहिनींनी काचेतून बाहेर मान केली. खिडकीपाशी रंगारी बसला होता. बावीस वर्षं इथे. डॉक्टरांकडून चिठ्ठी येते, तीवर दाताची छटा लिहिलेली असते: ए-एक, ए-दोन, ए-तीन, ए-साडेतीन, ए-चार, मग बी-एक आणि पुढे. एकेका गटात आकडा वाढेल तसा रंग गडद. पूर्वी तो वहीत लिहायचा, आता प्रोग्राममध्ये भरतो, आणि बाकावरच्या बायका प्रोग्राममधून निघालेली पट्टी बघून रंग चढवतात.

"दोन महिन्यांपूर्वी ह्याच्या मेहुण्याने चौकात दातांचा कारखाना काढला," वहिनींचा आवाज खाली आला. "इथले दात बिघडले की डॉक्टर कुठे जाणार? संध्याकाळी मी त्याला घरी बसायला सांगणार आहे. तुम्ही फक्त पुरावा काढा."

बाईंच्या मनातही पाल चुकचुकली. त्यांनी मशीन उघडलं. कोणती नोंद कुणाच्या नावाने, किती वाजता जतन झाली, हे प्रोग्राम लिहून ठेवत असे. बाईंनीच ती सोय केली होती, संशयापोटीच. एकोणीस चिठ्ठ्या एकीकडे, एकोणीस नोंदी दुसरीकडे. चिठ्ठीवर ए-दोन, नोंदीत ए-तीन. चिठ्ठीवर ए-एक, नोंदीत ए-तीन. एकोणीसच्या एकोणीस रंगाऱ्याच्या नावाने. त्याच्या सुट्टीच्या दिवशी वहिनी स्वतः आतल्या मशीनवर भरत. त्यांची एकही चूक नव्हती. बाईंनी कागद छापला आणि वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी घडी घालून तो खणात ठेवला आणि किल्ली फिरवली.

काम झालं होतं. पण कागदावर पकडणं वेगळं आणि हाताला धरून पकडणं वेगळं. बाईंना दुसरं हवं होतं. त्या चहाचा ग्लास घेऊन रंगाऱ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, पाठीमागे उभ्या राहिलात की माझा हात कापतो. बसा की स्टुलावर."

"बसून बसून कंबर धरलीय."

"कंबर धरलीय म्हणून मला धरायला आलात होय?" रंगारी वळला नाही. "सकाळपासून आत एकोणीस पुड्या मोजताय. काच आहे मधे, भिंत नव्हे."

रंगारी चिठ्ठ्या तारेतून काढायचा, ओठ हलवत वाचायचा, मग एकेक रकाना भरायचा: डॉक्टर, पेशंट, दाताचा क्रमांक, छटा. छटेसाठी बाण दाबला की यादी खाली उघडायची, त्यातून निवडायची. त्याखाली तीन रकाने आणखी: वरखालचे दात एकमेकांवर कसे बसतात ती चाव्याची नोंद, मुदत, शेरा. तळाला जतन करायचं बटण. आठ चिठ्ठ्या झाल्या. बाई डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. चूक एक नाही.

बाईंना वाटलं, मी उभी आहे म्हणून शहाण्यासारखा वागतोय.

नवव्या चिठ्ठीवर चाव्याची नोंद नव्हती, मुदत नव्हती, शेरा नव्हता. रंगाऱ्याने ए-दोन निवडलं, यादी मिटली. भरायला काही उरलं नव्हतं, म्हणून तळाच्या बटणाकडे जायला त्याने माउसचं चाक बोटाने खाली फिरवलं. पान हललं नाही.

"थबकतं हे मेलं," तो पुटपुटला. मग कडेची पट्टी धरून पान खाली ओढलं. छटेचा रकाना वर सरकून दिसेनासा झाला. बटण आलं, त्याने दाबलं.

बाईंच्या हातातला ग्लास तोंडापाशी थांबला.

"ही नोंद परत उघडा."

रंगाऱ्याने उघडली. छटेच्या रकान्यात ए-तीन होतं.

त्याचा चेहरा त्या जबड्यांसारखा पांढरा झाला. "मी दोनच निवडलं होतं. बाई, आईशप्पथ, दोनच."

"माहीत आहे. मी बघितलं." बाईंचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "असं चाक रोज फिरवता?"

"हे तीन नवे रकाने आले तेव्हापासून, कधीमधी, घाईत. एरवी पट्टीच ओढतो. आधी बटण समोर दिसायचं. आता माझ्या पडद्यात मावत नाही. वहिनींच्या मोठ्या पडद्यावर मावतं."

बाई स्टुलावर बसल्या. पान हललं नव्हतं, कारण चाक छटेच्या रकान्याला फिरवत होतं. यादी मिटली तरी तो रकाना हातातून सुटलेला नसतो. चाक फिरलं की निवड एक घर खाली घसरते, गुपचूप, आणि बघणाऱ्याची नजर असते तळाच्या बटणावर. खालचा एखादा रकाना भरला तर पकड सुटते, मग काही होत नाही. धंद्यातली जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली खोड. दुसऱ्या एकाच्या प्रोग्राममध्ये ती सापडली तेव्हा बाई त्याला चारचौघांत हसल्या होत्या. आणि हे तीन रकाने सहा आठवड्यांपूर्वी बाईंनीच वाढवले होते, घरी, दारासारख्या रुंद पडद्यावर तपासून.

आत खणात कागद होता. बाईंनी क्षणभर भलताच विचार केला. दुरुस्ती दहा ओळींची. गुपचूप करून निघून गेलं तर उद्यापासून दात बरोबर निघतील, आणि वहिनी म्हणतील, रंगाऱ्याला काढला आणि सगळं सुधारलं. अकरा वर्षांत बाईंच्या प्रोग्रामवर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं. ते तसंच राहील.

ग्लासातला चहा निवला. बाई उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

"वहिनी, तो कागद काढा. चूक माझ्या प्रोग्रामची आहे."

वहिनींनी त्यांच्याकडे नखशिखान्त बघितलं. "अर्धा तास त्याच्याजवळ उभ्या होतात. काय सांगितलं त्याने? आणि एक विचारते, राग नको. त्या मेहुण्याकडचा प्रोग्रामही तुमचाच का?"

बाईंची कानशिलं तापली. दुसऱ्यांना इतकी वर्षं लावलेली चाळणी आज पहिल्यांदा स्वतःला लागत होती, आणि तिची भोकं बारीक होती.

"नाही. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, चिठ्ठ्या बघा." त्यांनी एकोणीस चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या. "प्रत्येक छटा यादीत एक किंवा दोन घरं खालीच गेलीय. वर एकही नाही. आजोबांचा दात पांढरा का? त्यांची ए-चार होती, यादीत तिच्याखाली बी-एक येते, आणि ती पांढरी. आणि एकोणिसांपैकी एकाही चिठ्ठीवर खालचे तीन रकाने भरलेले नाहीत. वैर धरून बिघडवणारा माणूस खालचे रकाने रिकामे आहेत का, ते बघून बिघडवतो का?"

"म्हणतात सगळे असंच."

"मग चला, तुम्ही भरा. त्याच्या मशीनवर."

वहिनी तरातरा बाहेर आल्या. रंगारी उठून भिंतीला टेकून उभा राहिला. बाकावरच्या बायकांनी हातातले दात खाली ठेवले. वहिनींनी एक चिठ्ठी घेतली, डोळे वटारून ए-एक निवडलं, चाक फिरवलं, पट्टी ओढली, बटण दाबलं. नोंद उघडली. ए-दोन.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. पुन्हा केलं. पुन्हा ए-दोन. त्यांनी माउस उलटा करून पोटाकडून बघितला, जणू आत कुणी बसलंय.

वहिनींनी माउस जागेवर ठेवला. मग वहिनी आत गेल्या, कागद आणला आणि रंगाऱ्यासमोर फाडला. "बसा तुमच्या जागेवर, भाऊ. मेहुण्याचं मात्र मी विसरलेली नाही."

"मीही विसरलेलो नाही, वहिनी. त्याने मला साधं उद्घाटनाला बोलावलं नाही."

बाकावर हशा पिकला. रंगारी हसला नाही. बाईंकडे वळून म्हणाला, "सहा आठवडे मला वाटत होतं, माझेच डोळे गेले. डॉक्टरांकडे जाऊन आलो, चष्मा बदलला. रात्री बायकोला सांगितलं, मला आता रंग कळेनात, मी काय करू? तुम्ही सकाळपासून माझ्या नावाचे कागद काढलेत. एकदा विचारलं असतंत, भाऊ, कसं भरता, दाखवा जरा, तर चहाच्या आधी सापडलं असतं."

"मी विचारत नाही. लोक खरं सांगत नाहीत."

"मी सांगितलं असतं."

बाईंनी मशीन पुढे ओढलं. यादी मिटलेली असताना चाक फिरलं तर छटेने हलायचं नाही, अशी सोय केली. बटण खालून उचलून वर, डोळ्यांसमोर आणून बसवलं. जतन करताना छटा मोठ्या अक्षरांत एकदा दिसेल असं केलं. मग म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्ही भरून दाखवा. तुमच्या पद्धतीने. मी मधे बोलत नाही." रंगाऱ्याने वीस चिठ्ठ्या भरल्या. विसावीला त्याने मुद्दाम चाक गरगर फिरवलं आणि बाईंकडे बघितलं. छटा जागची हलली नाही.

त्यानंतर सहा आठवड्यांच्या, खालचे रकाने रिकामे असलेल्या सगळ्या चिठ्ठ्या दोघांनी पडताळल्या. तो वाचायचा, त्या नोंद बघायच्या. दोनशे बारा चिठ्ठ्यांत सात नव्या चुका निघाल्या. चार दात अजून बाकावर होते. तीन लोकांच्या तोंडात जाऊन बसले होते. वहिनी डॉक्टरांना फोन लावत होत्या आणि दर फोनला म्हणत होत्या, "नाही हो, आमच्या माणसाची चूक नाही, प्रोग्रामची होती." बाईंनी शेजारी बसून ते तीनदा ऐकलं.

घरी पोचल्या तेव्हा धुक्यात रस्त्यावरचे दिवे लागले होते. थोरली बहीण वर्तमानपत्रावर मटारच्या शेंगांचा ढीग ओतून बसली होती.

"सापडला का दात बिघडवणारा?"

"सापडला."

"कोण निघाला?"

"मी."

बहिणीच्या हातातली शेंग तशीच राहिली. बाई एवढं बोलून दुसरीकडे बघायला लागल्या. तिने वर्तमानपत्र अर्धं त्यांच्याकडे सरकवलं. बाईंनी पदर खोचला, खाली बसल्या, पहिली शेंग उचलून शिवणीवर नख लावलं आणि आत अळी आहे का ते दिव्याकडे धरून बघितलं.